अरांचा आणि आपलं नारिंग

सोनू (मिलान): इकडे मार्केटमध्ये इटलीच्या सिसिली बेटावरची संत्री आलीत, ती आतून लालभडक असतात ना तीच, पाटीवर अरांचा लिहिलंय. नाना मामा, हा शब्द कुठला हो?

नाना मामा: अगं मस्त विचारलंस!! मूळ संस्कृत नारंग, त्याचं फारसीत नारंग, अरबीत नारंज, आणि ९व्या शतकापासून अरबांनी सिसिली घेत नेली तेव्हा हे झाडही तिकडे गेलं, कडू-आंबट जातीचं बरं का, गोड नव्हे. व्हेनिसच्या बोलीत नारान्सा म्हणतात, तिथे पहिला न शाबूत आहे. पण इटालियनमध्ये एक म्हणजे उना, मग उना नारांचा बोलता बोलता उन अरांचा झालं आणि न मागच्या शब्दात जिरला. आपल्या नारिंगी रंगात मात्र तो टिकलाय

दादा: ऑरेंज पण यातूनच का मग

नाना मामा: हो रे, घराणं एकच. फक्त न फ्रेंचमध्येच गळून गेला, इंग्लंडपर्यंत पोचलाच नाही. आणि फ्रेंचमध्ये सोन्याला ओर म्हणतात, त्या ओढीने सुरुवातीचा अ चा ओ झाला असं मानतात

बेबी मावशी: म्हणजे नाना शेवटी शब्द आपलाच ना 🙏 किती अभिमानाची गोष्ट

नाना मामा: बेबी थांब जरा, संस्कृतातच तो बहुतेक द्राविड भाषांतून आलाय. मल्याळममध्ये लिंबाला आजही नारंगा म्हणतात. तेव्हा श्रेय द्यायचं तर आधी दक्षिणेला द्यायला हवं, हे आपण नेहमी विसरतो

सोनू: पण माझी फ्लॅटमेट नेपल्सची आहे, ती घरी बोलताना अरांचा म्हणतच नाही, पुर्तुआल्लो असं काहीतरी म्हणते

नाना मामा: वा वा, हे तर फारच छान!! ते पोर्तुगालवरून. गोड संत्रं पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे सगळीकडे पसरलं, म्हणून ग्रीकमध्ये पोर्तोकाली, तुर्कीत पोर्ताकाल, आणि ज्या अरबांनी युरोपला नारंज दिलं तेच आता गोड संत्र्याला बुर्तुकाल म्हणतात. खुद्द पोर्तुगीज मात्र लारांजा म्हणतात, म्हणजे परत आपलं नारंगच

दादा: आणि ते भाताचे तळलेले गोळे असतात ते आरांचिनी?

सोनू: छोटी संत्री, रंग आणि आकारावरून 😄 सिसिलीतलेच पालेर्मो शहरवाले अरांचिना म्हणतात, स्त्रीलिंगी, कातानिया शहरवाले अरांचिनो, पुल्लिंगी, आणि यावरून खरंच भांडतात. त्यात फळ अरांचा आणि झाड अरांचो, त्यामुळे दोघांकडे मुद्दा आहे