ईयोब आणि ग्रीक शोकांतिका : एक राहिलेला दुवा

बायबलच्या जुन्या करारात ईयोब या दुःखात सापडलेल्या सज्जनाचा ग्रंथ आहे. त्यातील दीर्घ संवाद, सांत्वनाला आलेले मित्र आणि अखेरीस वादळातून बोलणारा देव यांवरून ग्रंथकर्त्यासमोर ग्रीक शोकांतिकाकार युरिपिडीसची नाटके असावीत, असे या चर्चेत मांडले गेले आहे. साम्य मलाही जाणवते, पण निष्कर्ष पटत नाही. दुःखात सापडलेला सज्जन आणि त्याचा मित्र यांनी दैवी न्यायावर आळीपाळीने केलेला वाद बाबिलोनी काव्यात ग्रीक रंगभूमीच्या उदयाआधी काही शतके आलेला आहे, आणि हिब्रू लेखकांना ती परंपरा कितीतरी जवळची होती. बायबलमधीलच दानीएलाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात वाद्यांची ग्रीक नावे सापडतात. तसा भाषिक पुरावा ईयोबात दिसत नाही.

खरा, निर्विवाद पुरावा उलट दिशेचा, म्हणजे बायबलची कथा ग्रीक नाटकात गेल्याचा, आहे आणि त्याचा उल्लेख या चर्चेत कोणीच केलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. एझेकिएल नावाच्या यहुदी कवीने, बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकात, इस्राएली लोकांना इजिप्तमधून बाहेर नेणाऱ्या मोशेची कथा ग्रीक शोकांतिकेच्या वृत्तात लिहिली. 'एक्सागोगे' या त्याच्या नाटकाच्या २६९ ओळी युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या उद्धरणांमुळे टिकून राहिल्या. त्यात जळत्या झुडपातून देवाची वाणी ऐकू येते, आणि समुद्रात बुडालेल्या इजिप्शियन सैन्याची हकिकत त्यातून बचावलेला एक इजिप्शियन दूत सांगतो. इ.स.पू. ४७२ मधील ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'पर्शियन्स'मध्ये सालामिसच्या समुद्री लढाईत ग्रीकांकडून झालेल्या पर्शियनांच्या पराभवाची वार्ताही अशीच दूताच्या, तीही पराभूतांच्याच बाजूच्या, तोंडून येते.