अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस नेमका अडला कसा?

तापीकाठ, चोपडा

खानदेशातील कापूस व्यापारावर एक टिपण लिहीत असताना 1861 ते 1865 या वर्षांपाशी मी अडखळलो आहे. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कपाशीला सोन्याचा भाव आला, एवढे बहुतेक पुस्तकांत सापडते. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची आख्यायिकाही त्यामागोमाग येतेच. परंतु कापूस अडला म्हणजे प्रत्यक्षात काय घडले, याचा उलगडा होत नाही. दक्षिणेचा किनारा साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक लांब होता आणि युद्धाच्या आरंभी उत्तरेच्या आरमारात कामावर असलेली जहाजे पन्नासही नव्हती. एवढ्या जहाजांनी एवढा किनारा कसा बंद केला? आणि युद्धाचा निकाल समुद्रावर लागला की जमिनीवर?

पारोळ्याचे आबा

पहिली गोष्ट अशी की, आरंभी कापूस उत्तरेने अडवला नाही, दक्षिणेनेच तो रोखून धरला. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कच्चा माल दक्षिणेतून येत असे. तो काही महिने थांबवला की लंडनचे सरकार आपल्या बाजूने युद्धात उतरेल, असा तेथील पुढाऱ्यांचा हिशेब होता. सरकारने कायदा केला नाही, पण मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी 1861 च्या गाठी बंदरात जाऊच दिल्या नाहीत. आधीच्या दोन वर्षांचे पीक भरघोस आल्यामुळे इंग्लंडच्या वखारी तेव्हा भरलेल्या होत्या, म्हणून हा डाव फुकट गेला. नाकेबंदी ढिली असताना, म्हणजे माल विकून शस्त्रे आणता आली असती नेमक्या त्याच काळात, दक्षिणेने आपला कापूस घरात कोंडून ठेवला. इतका महागडा हट्ट व्यापाराच्या इतिहासात क्वचितच कोणी केला असेल.

नाकेबंदीची, म्हणजे दक्षिणेची बंदरे जहाजांनी अडवण्याची, घोषणा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 19 एप्रिल 1861 रोजी, म्हणजे ज्या हल्ल्याने युद्ध सुरू झाले तो सम्टर किल्ल्यावरचा पहिला तोफगोळा पडल्यानंतर आठवड्याभरात केली. उत्तरेचे वृद्ध सेनापती विनफिल्ड स्कॉट यांची कल्पना अशी होती की, समुद्रकिनारा आणि मिसिसिपी नदी या दोन्ही बाजूंनी दक्षिणेला वेढून तिचा श्वास कोंडावा. वृत्तपत्रांनी त्यांची टिंगल करून या योजनेला ॲनाकोंडा अजगराचे नाव दिले. व्यापारी बोटी, अगदी प्रवासी फेरीबोटी विकत घेऊन त्यांवर तोफा चढवल्या गेल्या आणि युद्ध संपेपर्यंत हे आरमार सहाशेहून अधिक जहाजांचे झाले. परंतु सबंध किनाऱ्यावर पहारा ठेवण्याची गरजच नव्हती. रेल्वे किंवा मोठी नदी जिथे समुद्राला मिळते अशी बंदरे मोजकीच होती. ती एकेक करून ताब्यात घेणे हाच खरा उपाय होता. एप्रिल 1862 मध्ये उत्तरेचे आरमारी सेनानी फॅरागट यांनी न्यू ऑर्लिन्स घेतले, तेव्हा दक्षिणेतील कापसाचे सर्वांत मोठे बंदरच गेले. उरलेल्या बंदरांतून बुटक्या, राखाडी रंगाच्या, वेगवान आगबोटी चंद्र नसलेल्या रात्री निसटून जवळच्या ब्रिटिश बेटांवरील बर्म्युडा किंवा नासाऊ गाठत. अशा बोटींत माल थोडाच मावे, त्यामुळे युद्धापूर्वीच्या निर्यातीचा अगदी लहान हिस्साच त्यांतून बाहेर पडला.

भुसावळकर, निवृत्त रेल्वे

आबांनी समुद्राची बाजू नेमकी मांडली आहे, तरीही विजयाचे श्रेय नाकेबंदीला द्यायला मी तयार नाही. चोरून ये-जा करणाऱ्या या बोटींच्या बहुतेक फेऱ्या सुखरूप पार पडत होत्या आणि त्यांतून रायफली, शिसे, बारुदीचा सोरा आणि बूट येत राहिले. दक्षिणेचे सैन्य दारूगोळ्यावाचून हरले नाही. ते उपाशी राहिले, आणि तेही शेतीप्रधान मुलखात, कारण धान्य जिथे होते तिथून सैन्य जिथे होते तिथवर ते पोहोचवणारी रेल्वे मोडकळीस आली होती.

1860 मध्ये अमेरिकेत सुमारे 48,000 किलोमीटर लोहमार्ग होता आणि त्यातला जेमतेम एक-तृतीयांश दक्षिणेत होता. तोही तुटक होता. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायना येथील बहुतेक रूळ एका रुंदीचे, त्यांच्या दक्षिणेकडील राज्यांचे दुसऱ्या रुंदीचे. शिवाय अनेक शहरांत एका कंपनीचे रूळ दुसरीच्या रुळांना जोडलेलेच नव्हते. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीतून उतरून पाचोऱ्याला मोठ्या गाडीत बसण्याचा खटाटोप ज्यांनी केला आहे, त्यांनी प्रवाशांच्या जागी सबंध सैन्याचे धान्य आणि तोफा आहेत अशी कल्पना करावी. नवे रूळ मिळेनात तेव्हा कमी महत्त्वाच्या मार्गांचे रूळ उखडून ते महत्त्वाच्या मार्गांवर टाकले जाऊ लागले. नाकेबंदीचा मोठा फटका मला इथे दिसतो: बाहेरून रूळ आणि इंजिने येणे थांबले आणि किनाऱ्याने बोटींवर जाणारा देशांतर्गत मालही याच खिळखिळ्या रुळांवर येऊन पडला.

उत्तरेने मात्र लष्करी रेल्वेचे स्वतंत्र खातेच उभारले. सप्टेंबर 1863 मध्ये चिकमॉगाच्या पराभवानंतर वीस हजारांहून अधिक सैनिक व्हर्जिनियातून सुमारे 1,900 किलोमीटर दूर टेनेसीच्या आघाडीवर दोन आठवड्यांच्या आत पोहोचवण्यात आले. पुढच्या वर्षी उत्तरेचे सेनापती शर्मन यांचे लाखभर सैन्य अटलांटावर चालून गेले, तेव्हा त्याचा शिधा लुईव्हिलपासून सुमारे साडेसातशे किलोमीटरांच्या एकेरी मार्गावरून येत होता. शत्रूचे घोडेस्वार तो वारंवार तोडत आणि दुरुस्तीच्या तुकड्या तो बहुधा दोन-चार दिवसांत पुन्हा चालू करत. अटलांटा घेतल्यावर याच शर्मन यांनी आपल्या मागची रसद स्वतःहून सोडून दिली. 15 नोव्हेंबर 1864 रोजी साठ हजार सैनिकांसह निघून, वाटेतील मुलखावरच पोट भरत आणि रूळ तापवून ते झाडांभोवती पिळत, ते डिसेंबरात सव्हाना येथे समुद्राला भिडले.

दक्षिणेची राजधानी रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गचा वेढाही रुळांचाच वेढा होता. जून 1864 पासून उत्तरेचे सरसेनापती ग्रँट आपले खंदक पश्चिमेकडे लांबवत गेले आणि शहरात येणारा एकेक लोहमार्ग तोडत गेले. शेवटचा मार्ग 2 एप्रिल 1865 रोजी तुटला, त्याच रात्री दक्षिणेने रिचमंड सोडली आणि आठवड्याभरात, 9 एप्रिलला, दक्षिणेचे सेनापती ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली.

वाचक, धुळे

दोन्ही उत्तरांत जहाजे आहेत, रूळ आहेत. ज्यांच्या श्रमावर तो कापूस पिकत होता, ती माणसे कुठेच नाहीत. दक्षिणेच्या सुमारे 90 लाख लोकसंख्येपैकी 35 लाख गुलाम होते. गोरे पुरुष आघाडीवर गेल्यावर शेती, खंदक आणि कारखाने यांचा भार त्यांच्यावरच होता, म्हणून त्यांनी मळे सोडणे हा दक्षिणेवर सरळ लष्करी आघात होता. उत्तरेचे सैन्य जवळ आले की गुलाम कुटुंबांसह तिकडे जाऊ लागले; गुलामांच्या मुक्तीचा लिंकन यांचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 रोजी लागू झाला, तो या पलायनानंतर दीड वर्षाने. नाकेबंदीशीही त्यांचा थेट संबंध आहे. मे 1862 मध्ये रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूधाऱ्याने चार्ल्सटन बंदरातून प्लँटर ही लष्करी आगबोट, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना, कुटुंबीयांसह पळवली, किल्ल्यांना ठरलेल्या खुणा देत ती तोफांसमोरून नेली आणि बाहेरच्या आरमाराच्या स्वाधीन केली. पुढे सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या भूदलात लढले. दक्षिणेत सक्तीची भरती 1862 पासूनच चालू होती आणि तिला नवी माणसे मिळेनाशी झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

तापीकाठ, चोपडा

धुळ्याच्या ताईंनी दाखवलेली बाजू टिपणात अवश्य घेईन. आबा, एक शंका उरली: आपल्याकडचे भाव कोणत्या घटनेपाशी चढले आणि कोणत्या घटनेपाशी कोसळले असे धरावे?

पारोळ्याचे आबा

1861 हे वर्ष तेजीत धरू नये, कारण वखारींतील साठा तेव्हा पुरत होता. इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या लँकेशर परगण्यातील गिरण्या मोठ्या संख्येने बंद पडल्या त्या 1862 मध्ये, आणि तेथील कामगारांचे सर्वाधिक हाल त्या वर्षाच्या अखेरच्या हिवाळ्यात झाले. आपली तेजी तिथून मोजावी. उतरणीसाठी जानेवारी 1865 पाहावा. त्या महिन्यात फिशर किल्ला पडून विल्मिंग्टन हे शेवटचे मोठे बंदर बंद झाले आणि युद्ध संपत आल्याचे बाजाराने ओळखले. ली यांच्या शरणागतीनंतर भाव गडगडले. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईत समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर आणि मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांची पत दोन्ही बुडाली. आपला आखूड धाग्याचा कापूस लँकेशरने नाइलाजानेच घेतला होता; अमेरिकी माल परत येताच गिरण्या त्याकडे वळल्या आणि तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज शेतकऱ्याच्या अंगावर राहिले. तेव्हा टिपणात वर्षवार सरासरी देण्याऐवजी 1865 चे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे दाखवावेत, नाहीतर ही घसरण आकड्यांत दिसणारच नाही.