क्रिएटिनिन १.४ : गोव्याच्या जेवणात नेमकं काय बदलायचं?

मडगावकार :
बाबांचं वय ६४. ब्लडप्रेशर जुनं, टेल्मिसार्टन ४० चालू आहे. डायबेटिस नाही. आताच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते दाखवणारा आकडा) १.४ आलं. डॉक्टरांनी "मीठ कमी, पाणी भरपूर, पेनकिलर बंद" एवढंच सांगून तीन महिन्यांनी बोलावलंय. आमच्याकडे सकाळी पेज नि मिठातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), दुपारी हुमण (माशांची आमटी)-भात, रविवारी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कांदा-खोबऱ्यातली कोशिंबीर. यातलं काय काढू? पाणी किती देऊ? शेजारी म्हणतात रोज दोन शहाळी द्या, किडनी धुऊन निघते. आणि दुकानात लो-सोडियम मीठ मिळतं, ते आणलं तर चालेल?

रिपोर्टवाचक :
आधी शेवटच्या प्रश्नाचं. लो-सोडियम मीठ आणू नका. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन मुळातच रक्तातलं पोटॅशियम वाढवतं, त्यात किडनी मंदावलेली. पोटॅशियम फार चढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर बेततं, आणि तोवर बऱ्याचदा काही जाणवतही नाही. शहाळ्याचंही तेच : एका शहाळ्यात साधारण ५०० ते ७०० मिलीग्रॅम पोटॅशियम. पोटॅशियमची तपासणी होईपर्यंत रोजची शहाळी बंद. आणि किडनी काही धुऊन निघत नाही.

नुसत्या १.४ वरून अंदाज येत नाही. वय आणि स्त्री-पुरुष धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, काढावा लागतो. २०२१ च्या सूत्राने ६४ वर्षांच्या पुरुषाला १.४ म्हणजे ५६ च्या आसपास. त्याच वयाच्या बाईला तेच १.४ असेल तर ४२, म्हणजे बरंच गंभीर. ६० च्या खाली तीन महिने राहिलं तरच दीर्घकालीन आजार म्हणतात, म्हणून तीन महिन्यांनी बोलावलं ते बरोबरच केलं.

पण एक तपासणी राहिलेली दिसते : लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण. ३० च्या खाली ठीक, ३०० च्या वर म्हणजे किडनीची गाळणी बरीच गळतेय. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी जबर मेहनत झाली असेल तर आकडा खोटा चढतो. क्रिएटिनिनच्या आदल्या रात्री मटणावर ताव मारला तर तेही थोडं वाढून येतं.

आगरातलं_मीठ :
मिठाचं मी सांगते. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं : पाव, लोणचं, पापड, सगळं. मोजायची सोपी रीत म्हणजे मिठाच्या पिशवीवर उघडल्याची तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात १ किलो मीठ निदान ५० दिवस पुरलं पाहिजे. बाहेरून येणारं मीठ धरलं तर दोन महिने. बहुतेक घरांत ते महिन्याभरात संपतं.

आगरातलं (मिठागरातलं) जाडं मीठ "सौम्य" असतं हा गैरसमज आहे. खडे मोठे म्हणून चमच्यात वजनाने कमी बसतं, एवढंच. ग्रॅमला ग्रॅम सोडियम जवळपास सारखंच.

तुमच्या यादीत सगळ्यात वाईट म्हणजे पेजेबरोबरची तोरं. वर्षभर मिठात चेपलेली फोड रोज सकाळी खाल्ली तर दिवसाचा मोठा वाटा नाश्त्यालाच गेला. पेज काढू नका. तोंडी लावायला नुसत्या खोबऱ्याची किंवा मुळ्याची चटणी करा. किसमुरीची सुंगटं भाजण्याआधी दोन पाण्यांत अर्धा तास भिजवा, पिळून घ्या आणि कांदा-खोबऱ्यात वेगळं मीठ घालूच नका. खारा बांगडा मात्र भिजवूनही आतून खारटच राहतो, तो महिन्यातून एखाद्या वेळी.

हुमणात मीठ शेवटी, गॅस बंद करताना घाला. वरवर लागलेलं मीठ जिभेला जास्त जाणवतं, त्यामुळे कमी लागतं. आंबटपणा वाढवला की मिठाची उणीव भासत नाही. पण आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरू नका, ते टिकवायला भरपूर मीठ घातलेलं असतं. सोलकढी करायची तर सोलं (सुकी कोकमं) धुऊन भिजवून करा. आणि हो, जेवणानंतरचं फसफसणारं फ्रूट सॉल्ट! ते सोडियमच आहे, चव खारट नसली म्हणून काय झालं.

मडगावकार :
तोरांचं लक्षातच आलं नव्हतं. पाण्याचं? आणि गुडघ्यासाठी ते "पॅरासिटामॉलवाली" गोळी घेतात, ती चालेल ना?

काउंटरपलीकडचा :
पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडे "पॅरासिटामॉलवाली" म्हणून विकली जाणारी गोळी बहुतेकदा एसिक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल असते. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब : यातलं एकही नाव दिसलं तर नको.

कारण असं : किडनीत रक्त आत आणणारी नळी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वापरतं, या गोळ्या तेच बंद करतात. टेल्मिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करतं. आत येणं घटलं, बाहेर जाणं मोकळं, गाळणीतला दाब कोसळतो. त्यात लघवीची गोळी किंवा जुलाब झाले की किडनी दोन-चार दिवसांत बसू शकते. पण म्हणून टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नका, ते किडनी राखणारं औषध आहे. उलट्या-जुलाब लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ते थांबवायचं का हे विचारा.

गुडघ्याला साधं पॅरासिटामॉल ५००, दिवसाला ६ गोळ्यांच्या वर नाही, आणि लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून.

पाणी तहानेप्रमाणे, सहसा दीड ते दोन लिटर. एप्रिल-मेच्या घामात जास्त. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असली की पुरे. जबरदस्तीने जास्त पाणी पाजून किडनीचा ऱ्हास थांबतो का, हे कॅनडात तपासून २०१८ साली निकाल छापला गेला : फरक पडला नाही.

पर्वरीचा_भाट :
पाण्याबद्दल असहमत. भाऊ दिवसाला तीन लिटर पितो, डॉक्टरांनीच सांगितलंय.

काउंटरपलीकडचा :
त्यांना स्टोन (मुतखडा) असणार. तो वेगळा हिशोब. तिथे दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, पाणी त्याहून जास्त लागतं. स्टोनवाल्यांनी दूध-दही तोडू नये. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (खडा बनवणाऱ्या क्षाराला) आतड्यातच धरून ठेवतं. पालक, तांबडी भाजी उकडून पाणी ओतून द्यावं, आणि काजू मूठमूठ खाऊ नयेत.

आगरातलं_मीठ :
स्टोन असो वा क्रिएटिनिन, बिंबल्यांचा (आंबट हिरव्या बिलिंबी फळांचा) रस कोलेस्टेरॉलवर म्हणून पिऊ नका. २०१३ साली केरळातून दहा जणांची नोंद छापून आली होती, रस पिऊन किडनी अचानक बसलेल्या. हुमणात दोन बिंबली पडली तर घाबरायचं कारण नाही. मात्र पाच धारांचं स्टारफ्रूट बाबांना अजिबात नको. किडनी कमजोर असली की त्यातलं विष मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी हे पहिलं लक्षण.

रिपोर्टवाचक :
बीपीचं राहिलं. १३० / ८० च्या खाली हे लक्ष्य डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. घरी मोजताना आधी पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढा आणि तो कागद पुढच्या भेटीला न्या.