अनुभव धागा : रस्त्याचा ओढा झाला तेव्हा

मुक्ता_नाशिक
काल वळीव कोसळला आणि कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण टणटण उडायला लागलं. त्या आवाजासरशी मी थेट माल्टाच्या बेटावर! 2012 ला तिथल्या म्सिडा गावात तळमजल्यावर खोली होती. रस्ता त्रिक इल-विएड, म्हणजे घळीचा रस्ता. उन्हाळाभर ठणठणीत कोरडा. सप्टेंबरअखेर दुपारी आभाळ फाटलं, अर्ध्या तासात कचऱ्याच्या काळ्या पिशव्या दारावरून तरंगत चालल्या. समोरच्या आजींनी चौकटीच्या खाचेत फळी सरकवली, फटीत चिंध्या कोंबल्या, मग मला वरून हाका. गादी, पुस्तकं, आईने दिलेला गोडा मसाला, सगळं गेलं. लिहा तुमचंही.

डेकवरचा_बाळ्या
आम्ही माल्टातल्याच मार्सा गावच्या गोदीत होतो. बंदराचं पाणी तासाभरात चहासारखं. कुकने खिडकीतून बघून विचारलं, साखर टाकू का?

सुलभाताई
बापरे मुक्ता. एकटी होतीस का गं?

गवंड्याचा_नातू
तिथे साइटवर दोन वर्षं काढलीत. बाल्झान, लिया, अटार्डचं पाणी उतरतं बिर्किरकारात, तिथून म्सिडात, पुढे समुद्र. घळीतच घरं आणि डांबर, मग पाणी रस्त्यानेच येणार. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिमी, म्हणजे आपल्याकडचा कोकणी हसेल. पण उन्हाळ्यात तापलेल्या समुद्रावर थंड हवा आली की त्यातला मोठा वाटा एका दुपारी पडतो. जुन्या घरांखाली 'बीर' असायची, गच्चीचं पाणी त्यात. गडावरचं टाकं असतं ना, तसंच. नव्या घराला टाकं हवंच असा कायदा आहे, पण बिल्डर टाळतात आणि गच्चीचा पाइप सरळ मैल्याच्या गटारात. झाकणं उडतात ती त्यामुळे! लिहायला लागलो की थांबत नाही मी, कुकर झालाय.

पुणेकर_जोशी
घळीला रस्त्याचं नाव दिलं की ती घळ राहत नाही असं सगळीकडेच वाटतं. आंबिल ओढ्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आम्हाला शिकवलं. माझी स्कूटर पुढच्या सोसायटीत मिळाली, आरशात चप्पल अडकलेली. चप्पल माझी नव्हे.

चिपळूणची_पोर
22 जुलै 2021. नको लिहायला.

सुलभाताई
❤️

रायडर_माल्टा
मी सध्या बिर्किरकारात, जेवण पोचवतो. 2015 च्या सुमारास बोगदे झाले, पाणी खालून ता श्बीशला समुद्रात सोडतात. फरक आहे, पण जोराची सर आली की ॲप बंद करून घरी बसतो. 'शिता' म्हणजे पाऊस इथे. आधी मला वाटायचं भाताबद्दल बोलतात.

डेकवरचा_बाळ्या
शितावरून पुराची परीक्षा 😂

ओंकार_77
दादा, तिकडे एका खोलीचं भाडं किती? मित्राला विचारायचंय

रायडर_माल्टा
मेसेज कर. तळमजला घेऊ नको म्हणावं.

मुंबईची_मावशी
26 जुलैला सांताक्रूझला 944 मिमी. तुमच्या बेटाचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात, वर आणखी! मी अंधेरीहून चालत... सविस्तर नंतर, दूध उतू गेलं.

सुलभाताई
मुक्ता, मसाला डब्यात नव्हता का गं?

मुक्ता_नाशिक
प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून. आईला अजून सांगितलेलं नाही. सहा महिने खोलीला दगडफुलाचा वास येत होता, घरमालक म्हणे ओलीचा आहे.