मदत हवी आहे : गणित आणि जीवशास्त्राचे सायटेशन एकाच तागडीत?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवतो. पदोन्नतीची फाईल भरतोय आणि एच-इंडेक्सच्या रकान्यापाशी अडलोय. माझा 4, म्हणजे किमान 4-4 सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले संदर्भ) असलेले 4 पेपर. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा 11. त्यांचं काम खरंच चांगलं आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण समितीतल्या एका सरांनी दोन्ही आकडे शेजारी लिहून माझ्या 4 भोवती लाल पेनाने गोल केला. तो डोळ्यांसमोरून हटत नाही.

माझीच यादी बघा. संख्या सिद्धांतातला पेपर, 3 वर्षं खपलो, सायटेशन 5. गुलाबी बोंडअळीवरच्या पेपरात मी फक्त कामगंध सापळ्यांतल्या पतंगांची आकडेमोड केली होती, त्याला 38! गणितात संदर्भ मोजकेच देतात आणि पेपर छापून यायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. जीवशास्त्राचे आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात, हे तर एच-इंडेक्स मांडणाऱ्या हिर्श यांनीच 2005 मध्ये नोंदवलंय.

स्कोपस या संशोधन पेपरांच्या सशुल्क डेटाबेसमध्ये एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) हा आकडा मिळतो. त्यात त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या पेपरांशी तुलना होते आणि 1 म्हणजे जागतिक सरासरी. आमच्याकडे स्कोपस नाही. कोणाकडे लॉगिन असेल तर माझ्या 6 पेपरांचे आकडे काढून द्याल का? आणि असं विषयनिहाय टिपण कोणी फाईलला जोडलं असेल, तर त्याचा नमुना पाठवा. फाईल सोमवारी द्यायची आहे.