रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला स्टीअरिंग लॉक पुरेसे आहे का?

मानेवाडा रहिवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागातील एका लेआउटमध्ये राहतो. प्लॉट लहान असल्यामुळे कंपाउंडच्या आत दोन दुचाक्या कशाबशा मावतात आणि चारचाकी वर्षानुवर्षे गेटसमोर रस्त्यावरच उभी असते. गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची लहान हॅचबॅक आहे. मागच्या पंधरवड्यात आमच्यापासून चौथ्या घरासमोरची गाडी रात्रीतून गेली. त्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी ओल्या रस्त्यावर गाडीच्या मापाचा कोरडा चौकोन तेवढा दिसत होता. काचेचा एक तुकडाही तिथे पडलेला नव्हता.

तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. वडिलांचे म्हणणे असे की, किल्ली काढल्यावर चाक आपोआप अडकतेच, मग वरून आणखी दांडा लावण्यात काय अर्थ आहे? धाकट्या भावाला जीपीएस बसवायचे आहे. माझ्या मनात बाजारात मिळणारे दांड्याचे स्टीअरिंग लॉक आहे. एक गोष्ट सांगायला हवी: गाडीची एक मूळ किल्ली तीन वर्षांपूर्वी हरवली, त्यामुळे दुसरी आम्ही सीताबर्डीवर बनवून घेतली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वायरिंगवाला

मी गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामात बरीच वर्षे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांच्या मुद्द्याबद्दल. किल्ली काढून चाक थोडे फिरवले की स्टीअरिंगच्या दांड्यात एक खिट्टी बसते. गाडीतले मूळ लॉक ते एवढेच. इग्निशनचे कुलूप फोडले किंवा चाकाला जोराचा हिसका दिला, तर ती खिट्टी फार काळ दाद देत नाही. शिवाय ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे चोराला पाहूनच माघारी वळवण्याचे काम तिच्याकडून होत नाही.

खरे संरक्षण इमोबिलायझरचे. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. इंजिनाच्या कंट्रोल युनिटला तिची ओळख पटली नाही, तर किल्ली फिरते, स्टार्टर एखाद्या वेळी घरघरतो, पण इंजिन धरत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचे झाले. आपल्याकडे त्या काळातल्या एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकारात ते असायचे आणि खालच्या प्रकारात नसायचे, म्हणून सालावरून अंदाज बांधू नका. आपल्याजवळ तपासण्याचे साधन घरातच आहे. सीताबर्डीवर नुसती पाती कापून बनवलेली किल्ली असेल, तर मूळ किल्ली घरात ठेवून तिने गाडी सुरू करून पाहा. इंजिन सुरू झाले, तर गाडीत इमोबिलायझर नाही असे समजा. नाही झाले, तर आपले निम्मे काम कंपनीने आधीच केलेले आहे.

आता दांड्याचे लॉक. त्याचे दोन आकडे चाकाच्या कडेत आतून अडकतात आणि शेपूट डॅशबोर्डकडे किंवा दाराकडे जाते, त्यामुळे चाक पूर्ण फिरत नाही. त्याची उणी बाजू अशी की दांडा कितीही पोलादी असला, तरी ज्या चाकावर तो बसतो त्याची कडा म्हणजे फोम चढवलेली बारीक धातूची कडीच असते. हॅक्सॉ ब्लेडने ती कडी एका जागी कापली की दांडा अलगद निघतो. तरीही मी ते लावायला सांगतो, कारण त्या कामाला वेळ लागतो, आवाज होतो, आणि शेजारी बिनदांड्याची गाडी उभी असेल तर चोर तिकडे वळण्याचा संभव अधिक. लावताना कुलपाचे तोंड डॅशबोर्डकडे ठेवा, म्हणजे त्यात हत्यार घालायला जागा कमी मिळते.

आपली गाडी साध्या गिअरची आहे, म्हणून माझी पहिली पसंती गिअर लॉकला राहील. ते कन्सोलखाली बोल्टने घट्ट बसवतात आणि गाडी रिव्हर्समध्ये अडकवून ठेवतात. रोज लावायला दोन सेकंद पुरतात, आणि घरातली माणसे जे खरोखर रोज लावतील तेच लॉक चांगले. लांबच्या गावी जाताना गाडी मागे राहणार असेल, तर फ्यूज बॉक्समधला फ्यूएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच) काढून खिशात टाका, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, खर्च शून्य.

धरमपेठकर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु दांड्याला दुय्यम ठरवणे मला पटले नाही. रात्री टॉर्च मारून आत डोकावणाऱ्याला चाकावरचा पिवळा दांडा लगेच दिसतो, तर गिअरजवळचे कुलूप आसनांच्या सावलीत लपते. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या २०२१नंतर मोठ्या प्रमाणावर चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा या कंपन्यांनी पोलिसांमार्फत फुकट वाटली ती स्टीअरिंग लॉकच होती. फेब्रुवारी २०२३मध्ये सॉफ्टवेअरचा उपाय जाहीर झाल्यावरही ज्या गाड्यांना तो लागू होत नव्हता त्यांना हाच आधार राहिला.

नागपूरच्या उन्हाची एक सूचना मात्र अवश्य करीन. मे महिन्यात दुपारी उघड्यावर उभ्या गाडीतला दांडा हाताला चटका देतो आणि त्यावरचे स्वस्त रबर चिकट होऊन चाकाला काळे डाग पाडते. आमच्याकडे दांड्यावर जुना सुती दुपट्टा गुंडाळलेला असतो. (तोंडाला बांधायचा वेगळा, हे सौ.ने बजावून सांगितले आहे.)

निवृत्त विमा सर्वेक्षक

कुलपांची चर्चा पुरेशी झाली. मी कागदांविषयी लिहितो, कारण चोरीनंतर खरा मनस्ताप तिथे सुरू होतो.

गाडीचा विमा केवळ थर्ड पार्टी असेल, तर चोरीसाठी एक रुपयाही मिळत नाही. सर्वंकष विमा असेल, तर पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) आधारे दावा होतो, आणि तेव्हा कंपनी सर्वप्रथम गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. आपली एक हरवली आहे, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटली. ती हरवल्याची तक्रार पोलिसांत नोंदवून तिची प्रत आजच पॉलिसीसोबत ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. चोरी झाल्यावर ही गोष्ट प्रथमच सांगणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते.

गाडी गेल्याचे लक्षात येताच ११२ला फोन करावा आणि त्याच दिवशी एफआयआर करावा. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे कौतुक आपण नेहमी करतो, पण उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ येथेच भेटत असल्यामुळे गाडी दीड-दोन तासांत मध्य प्रदेशात असू शकते. चोराने फास्टॅग काढला नसेल, तर टोलचा संदेश आपल्या मोबाइलवर येतो. घाईघाईत टॅग बंद करू नये, तो संदेश पोलिसांना दाखवावा. विमा कंपनीला उशिरा कळवले एवढ्याच कारणावरून, एफआयआर वेळेवर झालेला असताना, दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही विनाकारण उशीर करू नये. गाडी सापडलीच नाही, तर पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल, म्हणजे गुन्हा खरा परंतु आरोपी मिळाला नाही असा अहवाल, दाव्यासाठी लागतो आणि त्यासाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात.

भावाच्या जीपीएसबद्दल एकच वाक्य: ते चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करते, म्हणून लॉकच्या जागी नव्हे तर लॉकच्या जोडीला घ्यावे, आणि ते कुठे बसवले हे घराबाहेर कुणाला सांगू नये.

मानेवाडा रहिवासी

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मूळ किल्ली स्वयंपाकघरात ठेवून सीताबर्डीच्या किल्लीने प्रयत्न केला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झाले. वडील गेटजवळ उभे होते. ते काही न बोलता आत गेले आणि थोड्या वेळाने येऊन गिअर लॉकला किती लागतील असे विचारले.

किल्ली हरवल्याची तक्रार आज सकाळी देऊन आलो. ठाण्यात विचारले, तीन वर्षे काय करत होता? उत्तर नव्हते. गिअर लॉक रविवारी बसवणार आहे आणि दांडाही घेणार आहे, कारण आमच्या रस्त्यावरचा दिवा महिनाभरापासून बंद आहे.

वायरिंगवाला

गिअर लॉक बसवताना बोल्ट कोणते वापरतात ते समोर उभे राहून पाहा. वरून पान्याने सुटतील असे साधे बोल्ट लावू देऊ नका. ज्यांचे डोके आवळून झाल्यावर तुटून पडते, तसेच मागा. आणि बंद दिव्याची तक्रार महापालिकेकडे करा.