मैदानाचे आरक्षण बदलण्यावर हरकत कशी लिहावी?

गोवंडीकर: आमची झोपडपट्टी पुनर्वसनाची वसाहत गोवंडीत आहे. दोन इमारती इतक्या जवळ आहेत की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागतो आणि पहिल्या मजल्यावर भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय मुलांना वहीतली अक्षरे दिसत नाहीत. जवळचा एकमेव मोकळा भूखंड शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेला आहे; हे आरक्षण बदलण्याची जाहीर सूचना नुकतीच निघाली आहे. वसाहतीतल्या बायकांनी सह्या गोळा केल्या आहेत. हरकत बाजूला सारली जाऊ नये यासाठी तिच्यात काय लिहावे?

निवृत्त नगररचनाकार: हा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली, म्हणजे मंजूर आराखड्यात बदल करण्याच्या तरतुदीखाली असेल, तर हरकतीसाठी सूचनेत दिलेली मुदत आधी पाहा, कारण ती फार मोठी नसते. भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक आणि आरक्षणाचे नाव लिहून सुनावणीची लेखी मागणी करा व अर्जाची पोच घ्या. नुसत्या सह्यांपेक्षा मोजमाप अधिक टिकते: दोन इमारतींमधले अंतर टेपने मोजा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोणत्या मजल्यावर किती वेळ ऊन येते याची आठवडाभर नोंद ठेवा. मुद्दा मात्र मैदानापुरताच ठेवू नका. शहराचा कचरा १९२७ पासून तुमच्या शेजारच्या देवनारच्या कचराभूमीवर येतो आणि २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगींचा धूर याच वस्त्यांनी सोसला. तेव्हा मोकळ्या जागेचा हिशेब संपूर्ण मुंबईच्या सरासरीने न करता तुमच्या प्रभागातल्या दरडोई क्षेत्रावर करावा, असा स्पष्ट आग्रह धरा. हरकतींनी काही होत नाही, हे मला मान्य नाही. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती आल्या, शासनाला तो पुन्हा करायला लावावा लागला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

माहुलचा रहिवासी: वरील सल्ला योग्यच आहे, पण आरोग्याचा पुरावाही जोडा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तुमच्याच भागातल्या पुनर्वसन वसाहतींवर अभ्यास झाला असून, ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले होते. आम्हाला तानसा जलवाहिनीलगतच्या वस्तीतून उठवून तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी माहुलला घरे दिली गेली. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, तरीही माणसे तिथे पाठवली गेली, आणि माहुलला राहण्याची सक्ती करू नये, पर्यायी घर किंवा दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, हा उच्च न्यायालयाचा आदेश २०१९ मध्ये आला. तोवर घराघरांत खोकला आणि त्वचेचे विकार शिरले होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की निर्णय होण्याआधीच बोला. सुनावणीत ‘पर्यावरणीय न्याय’ (प्रदूषणाचा भार गरीब वस्त्यांवरच पडू नये) हा शब्द वापरलात तर तो कागदावरच राहील. ऊन, वारा, धूर आणि मुलांचा खोकला हे शब्द मात्र समोरच्याला टाळता येत नाहीत.

गोवंडीकर: दोघांचे मनापासून आभार. टेप आणि वही घेऊन उद्यापासून तळमजल्यावरून मोजणी सुरू करतो. क्षयाची औषधे चालू असलेल्या घरांची नावे उघड न करता केवळ मजला आणि संख्या नोंदवली, तर ती सुनावणीत ग्राह्य धरतात का?

निवृत्त नगररचनाकार: नावे मुळीच देऊ नका. मजलानिहाय संख्या द्या आणि शक्य झाल्यास जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे एक पत्र जोडा.